राणीच्या बागेत विज्ञान सहल नेताय? या चुका टाळा

डिसेंबर लागला की आमच्या शिक्षक-खोलीत दोनच विषय असतात, स्नेहसंमेलन आणि सहल. स्नेहसंमेलन मी केव्हाच दुसऱ्यांच्या गळ्यात घातलं. सहल मात्र गेली २२ वर्षं माझ्याच गळ्यात आहे, त्यातही सातवी-आठवीची 'विज्ञान सहल'. मुंबईतल्या मराठी शाळेची विज्ञान सहल म्हणजे बहुतेक वेळा राणीची बाग. भायखळा स्टेशनवरून चालत जाता येतं, खर्च झेपतो, आणि 'प्राणी बघायला नेतोय' म्हटलं की संमतीपत्रं दुसऱ्याच दिवशी सह्या होऊन येतात.

१८६२ साली उघडलेली ही बाग मुळात झाडांची. प्राणी मागाहून आले. अडीचशेच्या वर जातींची झाडं तिथे आहेत आणि त्यातली कित्येक मुंबईत दुसरीकडे शोधून सापडायची नाहीत. पण दर वर्षी आमच्या रांगेशेजारून दुसऱ्या शाळांच्या रांगा जाताना बघते आणि त्याच त्या चुका बघून जीव कातावतो. मी यातलं काही केलं नाही असं नाही. उलट बहुतेक चुका आधी मीच केल्यात, म्हणून तर लांबून ओळखू येतात. पुण्यात एम्प्रेस गार्डनला किंवा कोल्हापुरात विद्यापीठाच्या उद्यानात मुलं नेणाऱ्यांनाही हे सगळं लागू आहे. पेंग्विनचा भाग तेवढा वगळा.

सगळी बाग एका सकाळीत उरकणं

पेंग्विन २०१६ साली आले आणि २०१७पासून लोकांना बघायला मिळायला लागले. त्या पहिल्या हंगामात मी ६२ मुलं घेऊन गेले होते. हातात माझी यादी, २५ झाडांची, रात्री जागून केलेली. गेटवर मुलांनी एकच गिल्ला केला, "बाई, आधी पेंग्विन!" म्हटलं, चला, ते एकदाचं होऊन जाऊ दे, मग निवांत झाडं बघू. इथेच फसले. रांग, मग पेंग्विन, मग 'इथवर आलोच आहोत तर' पाणघोडा, मग भूक. डबे आटोपले तेव्हा दीड वाजला होता आणि शिपाईमामा घड्याळ दाखवत होते. पुढची चाळीस मिनिटं मी पुढाऱ्याच्या दौऱ्यासारखी झाडांपुढून चालले. हा वावळा, हा मुचकुंद, हा पुत्रंजीव, चला पुढे, मागच्यांनी आवाज करू नका. मागच्यांना तर झाडही दिसत नव्हतं, पुढच्यांची दप्तरं दिसत होती. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, कोणतं झाड लक्षात राहिलं? एका मुलाने प्रामाणिकपणे सांगितलं, "ज्याच्याखाली डबा खाल्ला ते." नाव काय? माहीत नाही.

तेव्हापासून माझी यादी पाच झाडांची. सहा नाही. कैलासपती, गोरखचिंच, सीतेचा अशोक, कृष्णवड आणि उंबर. प्रत्येकापाशी वीस मिनिटं, आणि वाघ शेवटी. गेटवरच सांगून टाकते, वाघ कुठे जात नाही, पिंजऱ्यातच आहे. हे लाच दाखवल्यासारखं आहे हे मला कळतं, पण चालतं.

आणखी एक. बागेत पाय ठेवल्या ठेवल्या शिकवायला सुरुवात करू नका. जॉन फाल्क या अमेरिकी संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली यावर अभ्यास प्रसिद्ध केला होता. अनोळखी जागी नेलेल्या मुलांचं लक्ष त्या जागेचं नवेपण चाचपण्यातच जातं, आपण जे शिकवायला नेलं ते बाजूला राहतं. आपल्या आज्यांना हे अभ्यासाशिवाय ठाऊक होतं, नव्या घरी आलेलं पोर आधी सगळ्या खोल्या फिरून येतं. मी आदल्या दिवशी फळ्यावर बागेचा ओबडधोबड नकाशा काढते. गेट इथे, स्वच्छतागृह इथे, पाणी इथे, डबा इथे खायचा. आत गेल्यावर पहिली पंधरा मिनिटं नुसतं फिरू देते. तरुण शिक्षकांना ही पंधरा मिनिटं वाया गेल्यासारखी वाटतात. वाटू द्या.

रकाने भरून घेणं

ही माझी सगळ्यात आवडती चूक, म्हणजे जिच्यावर मी तासभर बोलू शकते ती.

पूर्वी मी मुलांना सायक्लोस्टाइल केलेला आणि पुढे झेरॉक्सचा एक कागद द्यायची. पाच रकाने. झाडाचं नाव, शास्त्रीय नाव, कुळ, पानाचा आकार, उपयोग. मुख्याध्यापकांना तो कागद फार आवडायचा, कारण फाइलला लावता यायचा. मुलांनाही आवडायचा, कारण झाडाकडे बघावं लागायचं नाही. पाटी शोधायची, उतरवून घ्यायची, पुढच्या पाटीकडे पळायचं. जो आधी पोचला त्याच्याभोवती बाकीच्यांचा घोळका, आणि त्याने जे लिहिलं तेच चाळीस कागदांवर.

एका रविवारी हे कागद तपासत बसले होते. चहा, लाल पेन, ढीग. मधेच एक ओळ आली, अक्षर अगदी मोत्यासारखं:

झाडाचं नाव: कृपया फुले तोडू नयेत. शास्त्रीय नाव: हुकमावरून. पानाचा आकार: लांबट. उपयोग: औषधी.

मी इतकी हसले की घरातले बघायला आले. मग त्यांनाही वाचून दाखवलं, तेही हसले. मग पुढचा कागद घेतला. त्यावर हेच. त्याच्या पुढच्यावरही. 'हुकमावरून' हे शास्त्रीय नाव सात मुलांनी लिहिलं होतं. हसू थांबलं ते एका वेगळ्याच गोष्टीने. पहिल्या दोन कागदांवर मी त्याच ओळीपुढे बरोबरची खूण केली होती. न वाचता. शेवटच्या रकान्यात 'औषधी' दिसलं, पेन आपोआप चाललं. पोरांना माझ्याआधी कळलं होतं की उपयोगाच्या रकान्यात औषधी लिहिलं की बाई बरोबर करतात.

त्या मुलीची काहीच चूक नव्हती. मी पाटी उतरवायला सांगितली होती, तिने पाटी उतरवली. पाटी झाडाची आहे की बागेची, हे ठरवायला झाडाकडे बघावं लागलं असतं, आणि ते काम माझ्या कागदात कुठे मागितलंच नव्हतं.

आता कागद कोरा. एक पेन्सिल, एक पुठ्ठा, पुठ्ठ्याला चिमटा. झाडापाशी पोचलं की मी माझी कापडी पिशवी पाटीवर अडकवते, नाव झाकलं जातं. मग दहा मिनिटं बोलायचं नाही. तीनच गोष्टी लिहायच्या: काय दिसतंय, काय कळत नाही, आणि खाली पडलेलं एक पान कागदावर ठेवून त्याच्याच मापाचं चित्र. पहिली तीन-चार मिनिटं पोरं एकमेकांकडे बघतात, खुदखुदतात, "बाई, लिहून झालं" म्हणतात. लिहून झालेलं नसतं. 'मोठं झाड आहे' एवढंच असतं. तुम्ही गप्प राहायचं. पाचव्या मिनिटाला कंटाळा येतो, आणि कंटाळा आला की डोळे कामाला लागतात. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, पण २२ वर्षांत पाचवं मिनिट कधी चुकलेलं नाही.

कैलासपतीपाशी मागच्या वर्षी काय काय आलं बघा. 'फुलं फांदीला नाहीत, खोडाला आहेत.' 'वास अत्तरासारखा आहे पण झाड घाणेरडं दिसतं.' 'गोळा डोक्यात पडला तर?' (हा प्रश्न मी गांभीर्याने घेते, फळं लटकत असतील तिथे बसू देत नाही.) आणि एका मुलाने लिहिलं होतं, 'फुलात दोन प्रकारचे केस आहेत, एक मधे गोल आणि एक वर वाकलेल्या भागाला.' मी त्या पोराला उचलून घ्यायचीच बाकी होते. त्याने पुंकेसरांचे दोन प्रकार स्वतःच्या डोळ्यांनी शोधले होते. मधल्या कड्यातल्या पुंकेसरांचे पराग बी धरायच्या कामाचे. वरच्या नागफणीसारख्या भागातले पराग रुजत नाहीत, ते मधमाश्यांना खाऊ म्हणून. माशी खाऊसाठी फणीखाली शिरते आणि मधल्या कड्याचे पराग पाठीला लावून बाहेर पडते. हे आधी सांगितलं असतं तर 'उपयोग: औषधी' झालं असतं. त्याने विचारल्यावर सांगितलं, तर चाळीस डोकी फुलात घुसली.

तिथे एखादं मूल हात जोडतंच, कारण फुलात पिंड आणि नाग दिसतात. त्याला हसू नका. हे झाड दक्षिण अमेरिकेतून आलेलं आहे आणि नाव आपण नंतर दिलं, एवढं सांगा. ते ऐकूनही ज्याला हात जोडायचे तो जोडतो.

ठोकून देणं

शिक्षकाला 'माहीत नाही' म्हणता येत नाही. ही व्यवसायातली व्याधी आहे, खडूच्या धुळीसारखी. आणि झाडांच्या बाबतीत ती फार महागात पडते, कारण झाड पुढच्या वर्षीही तिथेच उभं असतं.

पहिली पाच-सहा वर्षं मी मुलांना सरळसोट, उंच, कडेने लावतात तो आसुपालव दाखवून सांगायची, हा अशोक, याच्याखाली सीता बसली होती. मुलं माना डोलवायची. एका वर्षी तिथले एक माळीमामा झारी खाली ठेवून ऐकत उभे राहिले. सगळं झाल्यावर, मुलं पुढे गेल्यावर, हळूच म्हणाले, "बाई, याच्या सावलीत सीतामाई बसली असती तर उन्हानं करपली असती."

मी वर पाहिलं. खरंच की. त्या झाडाला सावली म्हणून नाहीच. काठीसारखी सरळ रेघ.

मामांनी मला दुसरीकडे नेऊन खरा अशोक दाखवला. पसरलेला, गर्द, खाली बसावंसं वाटणारा. खोडाला आणि फांद्यांना चिकटून केशरी-तांबड्या फुलांचे गुच्छ. आणि नवी पालवी तांब्याच्या रंगाची, मऊ, ओल्या रुमालासारखी लोंबणारी. काही दिवसांनी ती हिरवी होते आणि ताठ होते. नात्यागोत्याने पाहिलं तर आसुपालव सीताफळाच्या कुळातला आणि अशोक चिंचेच्या नात्यातला. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. त्याच बागेत उर्वशी आहे, म्यानमारकडची. तिचीही कोवळी पानं अशीच लोंबतात आणि तीही याच घराण्यातली. आता मी मुलांना आधी अशोकाची पालवी दाखवते, मग उर्वशीपाशी नेते आणि काही बोलत नाही. दर वर्षी कुणीतरी ओरडतं, "बाई, ही याची बहीण!" वर्गीकरणाचा धडा तेवढ्यात होतो.

पण त्या पाच-सहा तुकड्यांचं काय? त्यातली पोरं आता तिशी ओलांडून गेली असतील, आणि आपापल्या सोसायटीच्या गेटवरचा आसुपालव मुलांना अशोक म्हणून दाखवत असतील. ते माझ्या खात्यावर.

हल्लीचे शिक्षक ठोकून देत नाहीत, फोन काढतात. ते मला जास्त खटकतं. ॲपने फोटो ओळखला, नाव वाचून दाखवलं, विषय संपला. एका नवीन सरांनी आपट्याच्या पानाचा फोटो काढला, फोन म्हणाला कांचन, सर म्हणाले कांचन. दोन्हींची पानं जोड-पानांसारखी दुभंगलेली असतात खरी. पण आपट्याचं पान आखूड, लांबीपेक्षा रुंदीला जास्त आणि जाडसर असतं. कांचनाचं मोठं आणि पातळ. दसऱ्याला बाजारात कांचनाच्या फांद्या सोनं म्हणून विकल्या जातात त्या याच गोंधळामुळे, आणि फोनही बहुधा त्याच बाजारात शिकला असावा. मी म्हणत नाही की ॲप वापरू नका. घरी जाऊन वापरा, संध्याकाळी. झाडापुढे मुलांना पान हातात घेऊन भांडू द्या.

माझ्या वहीचं शेवटचं पान 'माहीत नाही' असं मथळा घालून मोकळं ठेवलेलं असतं. ज्याचं उत्तर येत नाही तो प्रश्न विचारणाऱ्याच्या नावासकट तिथे लिहिते. पोरांना त्या पानावर नाव लागणं हे बक्षीस वाटतं. कधीकधी मुद्दाम अवघड प्रश्न विचारतात, तेही चालेल.

याच संदर्भात शास्त्रीय नावं. ती पाठ करून घेऊ नका, कुणाचंही भलं होत नाही. पण ती का लागतात हे एकदा चाफ्यावरून सांगा. सोनचाफा, पांढरा चाफा, हिरवा चाफा, नागचाफा, भुईचाफा. वर्गात विचारलं तर सगळे भाऊ वाटतात. पांढरा चाफा कण्हेरीच्या कुळातला, हिरवा चाफा सीताफळाच्या, भुईचाफा तर चक्क आल्याच्या. सोनचाफ्याचं कुळ वेगळं, नागचाफ्याचं आणखी वेगळं. फुलाला सुवास आला की आपण चाफा म्हणून मोकळे होतो. म्हणून जगाने एक एक पक्कं नाव ठरवलं. एवढं पुरे.

प्रयोगाची घाई

पारदर्शक पिशवी पानांच्या फांदीला बांधायची आणि आत पाणी जमतं ते दाखवायचं, हा बाष्पोच्छ्वासाचा, म्हणजे पानांतून वाफ होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्याचा, प्रयोग सगळ्यांना माहीत आहे आणि जवळजवळ सगळे तो बिघडवतात. सावलीतली फांदी निवडतात. पाच मिनिटांनी पिशवी उघडून बघतात. काही दिसलं नाही की "होतं रे पाणी, बारीक असतं" म्हणून वेळ मारून नेतात, आणि मुलं 'बाई म्हणतात तर असेल' म्हणायला शिकतात. विज्ञानाच्या सहलीतून मुलगा एवढंच घरी घेऊन जाणार असेल तर त्यापेक्षा गोराई बीच बरा.

उन्हातली फांदी घ्या. पिशवीचं तोंड सुतळीने घट्ट आवळा, पानं मोडू देऊ नका. निदान अर्धा-पाऊण तास तिच्याकडे ढुंकून बघू नका, म्हणजे सकाळी पहिल्या झाडापाशी बांधायची आणि परत येताना बघायची. बांधण्याआधी बागेतल्या माणसांना विचारा, नको म्हणाले तर शाळेच्या आवारातल्या कुठल्याही झाडावर करा, बाष्पोच्छ्वासाला तिकीट लागत नाही.

आणि दुसरी पिशवी विसरू नका. हे मला एका मुलाने शिकवलं. थेंब बघून सगळे टाळ्या वाजवत होते आणि हा मागून म्हणाला, "पिशवी आधीच ओली असेल तर? नाहीतर हवेतलं पाणी असेल." मी त्याला गप्प करणार होते, उशीर झाला होता. मग वाटलं, याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर कुठे आहे? तेव्हापासून शेजारी एक रिकामी पिशवी, हवा भरून, तोंड बांधून, त्याच उन्हात टांगते. तिच्यात काही जमत नाही किंवा नावापुरतं जमतं. रिकामी पिशवी नसेल तर तो प्रयोग नव्हे, जादू आहे.

झाडाची उंची सावलीवरून मोजायचा हट्टही सोडा. दाट झाडीत कुठली सावली कुणाची ते झाडालाही सांगता येणार नाही. कंपासपेटीतला ४५ अंशांचा गुण्या काढा. त्याला खोडरबर बांधलेला दोरा लटकवा म्हणजे एक बाजू सरळ उभी धरता येते. खालच्या टोकाला डोळा लावून तिरक्या बाजूवरून बघत मागे मागे सरका. शेंडा त्या रेषेत आला की थांबा. तिथून खोडापर्यंतचं अंतर अधिक तुमच्या डोळ्याची उंची, झाली झाडाची उंची. मागे सरकताना पाठीमागे कोण आहे ते बघायला एक जण नेमा. का, ते विचारू नका.

घेर मोजायला शिंप्याची दीड मीटरची टेप नेऊन फुगलेल्या खोडाच्या गोरखचिंचेपुढे उभं राहू नका. सुतळी न्या, जमिनीपासून १.३ मीटरवर गुंडाळा, मग सुतळी मोजा.

बाकीच्या, थोडक्यात

बुधवारी जाऊ नका. राणीची बाग बुधवारी बंद असते. मी एकदा ५० मुलं घेऊन बंद गेटपुढे उभी राहिले आहे. फोन करून विचारायला एक मिनिट लागलं असतं.

हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवलेल्या पानांच्या संग्रहासाठी, पानं तोडू देऊ नका. साठ मुलं, प्रत्येकी तीन पानं, १८० पानं झाली, आणि मागे दुसरी शाळा येतेच आहे. खाली पडलेलं घ्या, जुन्या वर्तमानपत्रात ठेवा, वर दप्तर.

तोंडात काही घालायचं नाही, हा नियम बसमध्येच तीनदा वदवून घ्या. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या पोरं खेळायला उचलतात आणि त्या विषारी असतात. गुंजाही. दिसायला जितकं देखणं तितकं सांभाळून.

डोंगराकडेच्या बागेत नेत असाल तर डिसेंबर ते फेब्रुवारी खाजकुइलीच्या शेंगांपासून लांब राहा. एकाला लागली की सहल संपली, सगळे त्यालाच खाजवतात.

खोडावरचे राखाडी-हिरवट डाग बघून 'झाडाला रोग झालाय' म्हणू नका. ते दगडफुलाचे भाऊबंद आहेत, बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. मुलांना सांगा, तुमच्या घरच्या गोडा मसाल्यात हेच असतं. घरी जाऊन आईचा डबा उघडून बघतातच.

उंबरापाशी मात्र घाई करू नका. 'उंबराचं फूल झालास' असं आपण कधी न दिसणाऱ्या माणसाला म्हणतो, पण फूल दिसत नाही याचा अर्थ ते नाही असा होत नाही. खाली पडलेलं एक उंबर उचला, ब्लेड स्वतःच्या हातात ठेवा, मधोमध कापा आणि भिंग द्या. आत शेकडो बारीक फुलं दाटीने बसलेली असतात. फळ म्हणतो ती खरं तर फुलांनी भरलेली पिशवी. एक चिमुकली गांधीलमाशी वरच्या छिद्रातून आत शिरते, इतकं अरुंद छिद्र की शिरताना तिचे पंख तुटतात. ती आत पराग आणते, अंडी घालते आणि तिथेच मरते. तिची पिल्लं आतच वाढतात, त्यातल्या माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडतात. हे ऐकताना वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते. मग मागून हमखास एक रडवेला आवाज येतो, "बाई, मी गावाला खूप खाल्लीत."

डिसेंबरातच जायचं हा नियम कुणी केला मला माहीत नाही. परीक्षा आणि स्नेहसंमेलनाच्या मधे फट सापडते म्हणून जातो. पण गोरखचिंच हिवाळ्यात पानं टाकते, आणि तिच्यासमोर उभे राहून 'हे झाड मेलंय' सांगणारे शिक्षक मी दोन वेळा ऐकलेत. मेलेलं नाही. फुगलेल्या खोडात पाणी साठवून झोपलेलं आहे. पावसाच्या तोंडावर पालवी येते, एकेका देठाला हाताच्या बोटांसारखी पाच-सात पानं, आणि मग मोठाली पांढरी फुलं. ती संध्याकाळी उमलतात, वटवाघळं येतात, दुसऱ्या दिवशी फुलं गळतात.

हे सांगितल्यावर एकाने विचारलं होतं, "संध्याकाळी तर बाग बंद होते, मग ती फुलं कुणी बघितली?" मी 'माहीत नाही'च्या पानावर त्याचं नाव लिहिलं. त्याचे वडील भायखळ्याच्या भाजी मंडईत हमाली करायचे. जूनमध्ये शाळा उघडून महिना झाला असेल, पाऊस धो धो कोसळत होता. पहिल्या तासाला तो भिजून वर्गाच्या दारात उभा, हातात स्टीलचा डबा. वडिलांबरोबर सकाळी लवकर निघाला होता आणि बाग उघडल्या उघडल्या आत शिरला होता. डब्यात पोळी नव्हती. ओल्या रुमालावर एक फूल ठेवलेलं, माझ्या तळहाताएवढं, पाकळ्या कडेने तपकिरी पडायला लागलेल्या, मधे पुंकेसरांचा पांढरा गोंडा. वास घेतला तर आंबूस. मधल्या सुट्टीपर्यंत ते काळं पडलं, पण तोवर तिन्ही तुकड्या येऊन बघून गेल्या होत्या.